सोळाशे तीस साली

सोसायटीच्या शिवजयंतीला यंदा मुलांची प्रश्नमंजूषा ठेवली होती. पाळणा म्हणून झाला, सुंठवडा वाटून झाला आणि भगवा फेटा बांधलेला निवेदक माईकवर टिचक्या मारत उभा राहिला. सहावीतल्या एका पोराने तिथी, वार, शक, संवत्सर असं सगळं एका दमात म्हणून दाखवलं. निवेदक खूश झाला. म्हणाला, "आता बोनस प्रश्न. १६३० साली जगात आणखी काय घडलं?" पोरं गप्प. मागच्या रांगेतून कुणीतरी मोबाइलमध्ये बघून ओरडलं, "अमेरिकेत बॉस्टन शहर वसलं!" टाळ्या पडल्या, चॉकलेट मिळालं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मावशी बसली होती. मूळची माणदेशातली, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले पण कान तिखट. तळहातावरचा सुंठवडा तोंडात टाकत ती म्हणाली, "दुष्काळ पडला होता की त्या साली." म्हणाली ती मला, माईकला नाही. तोवर पुढचा प्रश्न आला होता, अफझलखानाच्या वकिलाचं नाव काय म्हणून.

मावशीचं शिक्षण सातवीपर्यंत. दुष्काळाचं तिला ठाऊक होतं ते कीर्तनातून. तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली तो दुष्काळ, एवढी तिची नोंद. आणि खरं सांगायचं तर आमच्या पिढीलाही हे दोन्ही शाळेतच शिकवलेलं होतं, फक्त दोन वेगळ्या पुस्तकांतून. शिवनेरीवरचा जन्म चौथीच्या इतिहासात, देहूचा दुष्काळ मराठीच्या पुस्तकात, अभंगाच्या वर बारीक टायपात छापलेल्या कविपरिचयात. एका तासाची घंटा व्हायची, बाई बदलायच्या, पुस्तक बदलायचं. देहू आणि जुन्नर यांच्यात आजच्या रस्त्याने शंभर किलोमीटरसुद्धा नाहीत. पण त्या दोन धड्यांमधलं अंतर आमच्यापैकी कुणी कधी पार केलं नाही. एक धडा गुलालाचा, दुसरा टाळांचा. दोन्हींवर एकच साल छापलेलं असून ते आम्हाला एकच वाटलं नाही.

मग मी ते एकच साल उलगडून बघायचा नाद लावून घेतला.

पहिली गंमत अशी की ते साल एक नव्हतंच. गडावर जन्म झाला तेव्हा तिथल्या जोश्याच्या लेखी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. आपण म्हणतो १९ फेब्रुवारी १६३०. पण गोव्यात बसलेल्या पोर्तुगिजांनी पोपने सुधारलेलं कॅलेंडर केव्हाच घेतलं होतं, त्यांच्या वहीत त्या दिवशी १ मार्च १६३० होता. सुरतेच्या वखारीतले इंग्रज जुन्याच कॅलेंडरला चिकटून, आणि त्यांचं नवं वर्ष लागायचं २५ मार्चला. म्हणजे त्यांच्या खातेवहीत त्या दिवशी १९ फेब्रुवारी खरी, पण साल १६२९. मुघलांच्या छावणीत हिजरी १०३९चा रज्जब चालू. एकाच सूर्याखाली, एकाच किनारपट्टीच्या आगेमागे माणसं चार वेगवेगळ्या वर्षांत जगत होती. बाळाचं बारसं झालं न झालं तोच गडावर पाडवा आला असणार. शके १५५२ लागलं. पंचांगात त्या संवत्सराचं नाव प्रमोद.

जन्मतारखेवरून आपल्याकडे किती रणं माजली ते सांगायला नको. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे १६२७, ही तारीख पिढ्यानपिढ्या चालली. मग टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्यातली सालवार टिपणं, उजेडात आणली, तीत फाल्गुन १५५१ निघालं, महाराजांच्या काळातलं संस्कृत काव्य शिवभारतही तेच सांगत होतं, पुढे जोधपूरकडे एक जन्मपत्रिका सापडली. तरी सरकारी शिक्कामोर्तब व्हायला विसावं शतक सरलं, आणि तिथी की तारीख हा तंटा अजून आहेच. मला आता त्या वादापेक्षा त्यामागचं कारण जास्त खेचतं. ज्या दिवशी मूल जन्मतं त्या दिवशी ते मूलच असतं. जहागीरदाराच्या घरचं असलं तरी. घरचा जोशी पत्रिका मांडतो, ती फडताळात जाते. पुढे ते मूल कोण होणार हे कळल्यावर माणसं मागे धावतात आणि फडताळं उपसतात. आमच्याकडे मावशीच्या पिढीतल्या अर्ध्या माणसांचा वाढदिवस १ जून आहे, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तोच लिहिला. मावशीच्या धाकट्या मुलाचाही १ जून. खरा जन्म बहात्तरच्या दुष्काळात, आषाढात कधीतरी. "पाऊस नव्हता, एवढं नक्की," असं मावशी तारखेबद्दल विचारलं की सांगते.

शिवनेरीला त्या फाल्गुनात दुष्काळ नव्हता, हे आधी स्वच्छ सांगायला हवं. तो पुढच्या पावसाळ्याचा. गडावर आज चढून गेलं की शिवाईचं दर्शन घेऊन वर येताना अंबरखान्याची पडकी इमारत लागते. धान्याचं कोठार. पुढे गंगा-जमुना नावाची कातळात खोदलेली पाण्याची टाकी, उन्हाळ्यातही गार, आत वाकून बोललं तर आवाज घुमून परत येतो. जन्मस्थानाकडे जाणारी गर्दी अंबरखान्यापाशी पाणी प्यायला थांबते, सेल्फी काढते आणि पुढे जाते. मीही तशीच कैक वेळा गेले आहे. पण बाळंतिणीसाठी हा गड का निवडला, याचं उत्तर त्या जन्मखोलीपेक्षा या कोठारात आणि टाक्यांतच जास्त आहे. खाली सगळा मुलूख पेटलेला, आणि वर धान्य, पाणी, कडे आणि सात दरवाजे.

आणि पेटलेला म्हणजे कसा, तर घरातच. १६२९च्या जुलैत लखुजी जाधवरावांना दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात कापून काढलं. एकटे नव्हेत, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातूही. फेब्रुवारीतून नऊ महिने मागे मोजा. माहेरची ही बातमी आली तेव्हा जिजाबाईंना फार तर दोन-अडीच महिने गेले असतील, डोहाळ्यांचे दिवस. बाप, दोन भाऊ आणि भाचा, एका दिवसात. आपल्याकडच्या चित्रांत जिजाऊ कायम सावरलेल्या, पदर डोक्यावर, नजर दूर कुठे तरी. मला मात्र ते मळमळीचे, उलट्यांचे, कुणाशी बोलावंसं न वाटण्याचे दिवस दिसतात, आणि त्यांवर हे येऊन पडलेलं. नवरा त्याच निजामशाहीच्या चाकरीत, जिने बाप मारला. वर्ष सरायच्या आत, १६३०च्या अखेरीला, शहाजीराजे मुघलांकडे गेले आणि पंचहजारी, म्हणजे पाच हजारांचे मनसबदार, झाले. दोनेक वर्षांत तिथूनही बाहेर पडले. पुस्तकात हे 'राजकीय घडामोडी' या मथळ्याखाली येतं. गडावर ते 'आता आपण कुणाचे?' या प्रश्नाच्या रूपात आलं असणार.

मग मृग कोरडा गेला.

दुष्काळ एका दिवसात पडत नाही, हे शहरात वाढलेल्या माणसाला कळत नाही. मावशी बहात्तरचं सांगते तेव्हा सुरुवातच होते ती वाट बघण्याने. मृग गेला, मग आर्द्रावर बोट, मग पुनर्वसू, मग 'पोळ्याला तरी येईल'. प्रत्येक नक्षत्राला थोडी थोडी आशा खर्ची पडते. बियाणं पेरायचं की खायचं हा हिशेब रोज रात्री नव्याने मांडला जातो. मग एका सकाळी कुणीतरी बैल विकतं, आणि गाव समजतं. बैल विकला म्हणजे पुढचं वर्षही गेलं. १६३०च्या पावसाळ्यात गुजरात, खानदेश आणि सगळ्या दख्खनेत हेच झालं. शिवाय मुलखात तीन फौजा. मुघल सरदार खानजहान लोदी बंड करून निजामशहाकडे आला म्हणून त्याच्या पाठीवर शहाजहान स्वतः बऱ्हाणपुरात उतरलेला, त्याचा सरदार आझमखान परांडा-धारूरच्या बाजूला, विजापूरकरांची माणसं वेगळीच फिरतायत. फौज म्हणजे नुसती माणसं नव्हेत. घोडे, हत्ती, ओझ्याचे बैल, आणि त्या सगळ्यांची तोंडं. जे चार कणसं आभाळाने सोडली ती टापांखाली गेली.

पीटर मंडी नावाचा एक इंग्रज, ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून, त्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला. त्याची वाट आपल्या ओळखीची आहे: नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, मग बऱ्हाणपूर. एसटीच्या पाट्या वाचाव्यात अशी गावं. हा माणूस कवी नव्हता, टिपणं ठेवणारा होता, दिवसाला किती कोस आणि कुठे मुक्काम असं लिहिणारा. त्याने लिहून ठेवलंय की सुरतेपासून रस्ताभर प्रेतं पडलेली होती आणि नाकातून तो वास जात नव्हता. नंदुरबारला छोटासा तंबू ठोकायला मोकळी जागा सापडेना. आणि एक गोष्ट मी वाचली तेव्हापासून डोक्यातून जात नाही. वाटसरूंच्या घोड्याबैलांनी टाकलेलं शेण लोक उकरत होते, त्यात न पचता राहिलेला एखादा दाणा सापडतो का बघायला. अधाशासारखे. एक दाणा, बोटाने चिवडून काढलेला, पुसलेला की न पुसलेला कोण जाणे.

आणि बऱ्हाणपुरात? तिथे बाजार भरलेला होता, कारण तिथे बादशहा होता. वंजाऱ्यांचे तांडे धान्य लादून त्याच दिशेने जात. या मंडीनेच पुढे दोन वर्षांनी उत्तरेत एक तांडा पाहिला, त्यात चौदा हजार बैल. म्हणजे धान्य हलवायची ताकद या देशात होती. पण वंजारी व्यापारी होता, पैसे मोजणाऱ्याकडे तो जाणार, आणि फौज रोख मोजत होती. शिवाय वाटेवर चारा-पाणी नसेल तर बैल चालणार कशावर? जिथे दुष्काळ जास्त, तिथे तांडा पोचणं जास्त अवघड. शहाजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, हातचं राखलेलं नाही. बकऱ्याच्या मटणाच्या नावाने कुत्र्याचं मांस विकलं जात होतं, मेलेल्यांची हाडं कुटून पिठात मिसळली जात होती, हे त्याने बादशहाच्या चरित्रात लिहिलं आहे. पुढे बादशहाचं औदार्यही लिहिलं आहे: बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथे लंगर उघडले, बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, वीस सोमवारांत एक लाख झाले, आणि खालसा, म्हणजे थेट बादशाही मालकीच्या, मुलखातला सत्तर लाखांच्या आसपास सारा सोडला. सोमवारच का, तर बादशहा गादीवर बसला तो वार. आज बऱ्हाणपूर म्हटलं की लोकांना आठवते ती मुमताज, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात तिथेच गेलेली. त्या शोकाचं काय झालं ते सगळं जग तिकीट काढून बघतं. शेणातला दाणा बघायला जायची सोय नाही.

१६३१च्या शेवटाला सुरतेजवळच्या सुवाळी बंदरावर डच उतरले. त्या गावात पूर्वी २६० कुटुंबं होती. त्यांना दहा-अकरा दिसली.

याच सुमाराला पुण्याचं काय झालं ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने गाव जाळलं, गाढवांचा नांगर फिरवला, पहार ठोकली, वर फाटकी वहाण आणि केरसुणी टांगली. इथे पुन्हा वस्ती करणाऱ्याचं वाटोळं होईल, ही द्वाही. आणि नेमक्या त्याच साली, हजारो कोस दूर, इटलीत मिलान शहरात प्लेग चालला होता. लोकांना वाटलं कुणीतरी भिंतींना विषारी मलम फासतंय. एका बाईने खिडकीतून एका माणसाला भिंतीशी हात पुसताना पाहिलं. तो आरोग्य खात्याचा माणूस, पियात्सा. त्याला छळल्यावर त्याने एका न्हाव्याचं नाव घेतलं, मोरा. दोघांना ऑगस्टच्या पहिल्या तारखेला हाल करून मारलं. मग न्हाव्याचं घर जमीनदोस्त केलं, त्या जागी एक खांब उभारला आणि शिळा लावली, की इथे पुन्हा कधी कुणी बांधू नये. तो खांब जवळजवळ दीडशे वर्षं उभा होता, १७७८ साली पाडला. पुण्याची पहार त्या मानाने लवकर निघाली. हे दोन्ही वाचताना मला गंमत वाटावी की भीती, कळेना. एकमेकांचं नावही न ऐकलेली ही माणसं जमिनीला शाप द्यायची पद्धत मात्र अगदी सारखी वापरत होती. घर पाडायचं, खूण रोवायची, भविष्याला दम द्यायचा. व्हेनिसने तेवढ्यात दुसरा मार्ग धरला. प्लेग हटला तर देऊळ बांधू असा नवस केला आणि खरोखर बांधलं. सांता मारिया देल्ला सालूते म्हणून ते चर्च अजून उभं आहे, दर २१ नोव्हेंबरला तिथे लोक जातात. नवस आपल्याला समजतो. मिलानपेक्षा व्हेनिस मला जवळचं वाटलं ते त्यामुळेच असेल.

नोव्हेंबरात मंडी खानदेशाच्या वाटेला लागत होता, त्याच सुमारास जर्मनीत रेगेन्सबुर्ग गावी केप्लर वारला. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे ज्याने सिद्ध केलं तो केप्लर, वय अठ्ठावन्न. तिथे तो का गेला होता? थकलेला पगार मागायला. बादशाही खजिन्याकडे त्याचं येणं वर्षानुवर्षं तुंबलेलं. घोड्यावरून थंडीत गेला, ताप भरला, संपला. युद्धाच्या धामधुमीत पुढे त्याची कबरही राहिली नाही. थकबाकीसाठी खेटे घालून मेलेला ज्योतिषी! ही बातमी मी मावशीला सांगितली, तर तिने केप्लर कोण हे विचारलंच नाही. "पेन्शन अडकली होती का?" एवढंच म्हणाली.

बॉस्टनवाल्याला चॉकलेट मिळालं, पण त्या सालात आपल्या जास्त कामाचा एक जन्म होता तो कुणाला सुचला नाही. २९ मे १६३० रोजी लंडनच्या राजवाड्यात एक मुलगा झाला, चार्ल्स. आपल्या बाळापेक्षा तीन महिन्यांनी धाकटा. त्या दिवशी भर दुपारी आकाशात तारा दिसला म्हणून लोक हरखले. शुक्र असणार तो, पण राजाच्या घरी पाळणा हलला की शुक्रालाही काम लागतं. बापाचं मुंडकं उडालेलं या पोराने पुढे ऐकलं, परदेशात वणवण केली आणि बरोबर तिसाव्या वाढदिवसाला गादीवर बसायला लंडनात शिरला. त्याच्या लग्नात पोर्तुगालकडून आंदण आलं ते आपलं मुंबई बेट. त्याला ते नको होतं. १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने त्याने कंपनीला देऊन टाकलं. आणि १६७४च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा त्याच मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन आला. एका सालात जन्मलेले दोघे, एक सिंहासनावर, दुसऱ्याच्या बेटाचा वकील समोर उभा. प्रश्नमंजूषेसाठी याहून चांगला बोनस प्रश्न कुठला? पण ही जोडी मलाही जरा जास्तच गुळगुळीत वाटते. यादीतली नावं एकमेकांशी अशी छान जुळतात कारण ती यादीत टिकलेली आहेत. १६३०च्या फाल्गुनात मावळात, नाणेघाटाखाली, भीमेच्या काठाला इतर पाळणेही हललेच असतील. ती मुलं पावसाळ्यात पाच-सहा महिन्यांची झाली. आयांच्या अंगावर दूध होतं तोवर त्यांना दुष्काळ कळला नसेल.

त्या दुष्काळाचा घरातून लिहिलेला कागद आपल्याकडे एकच आहे आणि तो अभंगात आहे. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' मंडी बाहेरचा होता, लाहोरी दरबारचा. हा देहूतला वाणी, महाजनाच्या घरचा, उधारीवर धान्य देणारा, ज्याचं दुकान बसलं. कीर्तनकार या ओळीवर येतात तेव्हा पखवाज थांबतो आणि सगळे डोळे पुसतात. मी मात्र 'नेला मान' वर अडते. बायको गेली ती पुढच्या चरणात. आधी मान गेला. दिवाळं निघालेल्या दुकानदाराचा पहिला अनुभव तोच असतो. काल रामराम करणारा आज रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जातो. पाठोपाठ लगेच 'लज्जा वाटे जीवा' म्हणतात, तेही याच घाटाचं. आणि मग परंपरा सांगते ती गोष्ट: घरातली कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. भक्तीच्या प्रसंगात ही घटना नेहमी वैराग्य म्हणून सांगितली जाते. असेल. पण दुष्काळाच्या साली सावकाराने खतं बुडवणं याचा गावातल्या घराघरात काय अर्थ होता, तोही डोळ्यांपुढे आणून बघा. बियाणं खाऊन बसलेल्या कुणब्याच्या डोक्यावरचं एक ओझं त्या दिवशी पाण्यात गेलं. दोन घरं, शिवनेरीचं आणि देहूचं. तिथेही जिजाई, इथेही जिजाई. देहूची जिजाई, तुकोबांची दुसरी बायको, कडक बोलायची म्हणून आपण तिला चारशे वर्षं नावं ठेवली. घरात दाणा नाही, सवत उपाशी मेलेली, तिचं पोर गेलेलं, आणि नवरा खतं नदीत टाकून आलाय. बोलेल नाहीतर काय करेल?

मावशी बहात्तरला पाझर तलावाच्या कामावर होती. तान्हं पोर बाभळीच्या फांदीला झोळीत टांगून खडी फोडायची. मुकादम हजेरी मांडायचा. सुकडी मिळायची, आणि रेशनला लाल मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेने फाटायची, ती पाण्याने सांधायची. माणसं मात्र मेली नाहीत, हे ती प्रत्येक वेळी ठासून सांगते. ढोरं मेली, विहिरी आटल्या, पण माणसं रेशनने आणि कामाने तगली. तेच झोळीतलं पोर आता पन्नाशी ओलांडून हायवेवर हॉटेल चालवतं. त्याला मी विचारलं, दुष्काळाचं काही आठवतं का? "मला काय विचारते? मी दूध पीत होतो." मग जरा थांबून म्हणाला, "पण आपल्याकडे ताटात टाकलेलं चालत नाही हां. गिऱ्हाईक असलं तरी मी बोलतो."

शिवाजी महाराजांच्या बाबतीत असंच काही झालं असेल असं म्हणायचा मोह होतो, आणि त्याला पुरावा नाही. दुष्काळ सरला तेव्हा ते जेमतेम चालायला-बोलायला लागलेले होते. तरी त्यांची पत्रं वाचताना माझा हात त्या सालाकडे जातोच. रामाजी अनंत सुभेदाराला १६७६ साली लिहिलंय: गावोगाव फीर, कुणबी गोळा कर, ज्याला बैल नाहीत त्याला बैल दे, खायला दाणे नाहीत त्याला खंडी-दोन खंडी दाणे दे, आणि मुद्दल तेवढं त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू उगव, व्याज घेऊ नको. बैल आणि बियाणं. १६३०ला आधी जे संपलं तेच.

आणि दुसरं त्याहून घरगुती, चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेलं. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवायची आहे, आताच मनाला येईल तशी उडवाल तर पुढे मिळायची नाही, घोडी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल. मग कुणब्याच्या घरून कुणी दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी, आणि जीव धरून राहिलेला तो कुणबीही गाव सोडून जाईल, कित्येक उपाशी मरतील, आणि लोक म्हणतील याहून मोगल बरे. इथवर राजाचं पत्र. मग पुढे चुलीचा, तंबाखूच्या विस्तवाचा बंदोबस्त सांगतात, आणि रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका म्हणतात, उंदीर जळती वात ओढून नेईल, वैरणीला आग लागेल, गवत वाचायचं नाही. सोसायटीत पुढच्या वर्षीची प्रश्नमंजूषा माझ्याकडे आली आहे. उंदीर आणि वात यावर प्रश्न बसतो का ते बघते आहे. समितीतल्या एकाने आत्ताच विचारलंय, "हे अभ्यासक्रमात आहे का?"